रक्ताची अट : सोव्हिएत सैन्यातील दंडपलटणी (१९४२–१९४५)

१९४२ च्या जुलै महिन्यात सोव्हिएत सैन्याची दक्षिणेकडील फळी कोसळत चालली होती. मे महिन्यात खार्कोव्हजवळ मोठा पराभव झाला होता, जुलैच्या आरंभी सेवास्तोपोल पडले आणि त्याच महिन्याच्या चौथ्या आठवड्यात डॉन नदीवरील रोस्तोव्ह शहर जर्मनांच्या हाती गेले. व्होल्गा आणि कॉकेशस या दोन्ही दिशांचे मार्ग शत्रूला मोकळे झाल्यासारखे दिसू लागले. या परिस्थितीत २८ जुलै रोजी स्टालिनने संरक्षणखात्याचा लोकआयुक्त या नात्याने क्रमांक २२७ चा हुकूम काढला. एक पाऊलही मागे घ्यावयाचे नाही, या त्यातील घोषणेमुळे तो हुकूम इतिहासात प्रसिद्ध आहे. परंतु घोषणा हा त्या हुकुमाचा केवळ दर्शनी भाग होय. सात कोटींहून अधिक लोकसंख्या, वर्षाला ऐंशी कोटी पुडांहून अधिक धान्य आणि एक कोटी टनांहून अधिक धातू देणारा प्रदेश गमावल्याचा हिशेब त्यात प्रथम मांडलेला आहे, आणि त्यानंतर व्यवहाराची कलमे येतात. प्रत्येक फ्रंटने (म्हणजे अनेक आर्मी मिळून होणाऱ्या सेनासमूहाने) एक ते तीन दंडपलटणी उभाराव्यात व प्रत्येकीत ८०० पर्यंत माणसे असावीत. प्रत्येक आर्मीने पाच ते दहा दंडकंपन्या उभाराव्यात व प्रत्येकीत १५० ते २०० माणसे असावीत. या तुकड्या आघाडीच्या अधिक कठीण भागांत ठेवाव्यात. आणि भित्रेपणाने वा शिस्तभंगाने अपराधी ठरलेल्यांना मातृभूमीविरुद्धचा आपला अपराध रक्ताने धुऊन काढण्याची संधी द्यावी, असा त्या कलमांचा आशय आहे.

रक्ताने अपराध धुण्याची ही भाषा वक्तृत्वाचा अलंकार म्हणून सोडून देण्याची अभ्यासकांची प्रवृत्ती असते. ती योग्य नव्हे. पुढील दोन महिन्यांत तयार झालेल्या नियमावलीने या अलंकाराचे कायद्याच्या कलमात रूपांतर केले, आणि त्या कलमावरच या तुकड्यांत धाडल्या गेलेल्या चार लाखांहून अधिक सैनिकांचे भवितव्य अवलंबून राहिले.

ही कल्पना कोठून आली, याविषयी हुकुमात जे सांगितले आहे ते मोठे लक्षणीय आहे. १९४१–४२ च्या हिवाळ्यातील पराभवानंतर जर्मनांनी शंभराहून अधिक दंडकंपन्या व सुमारे दहा दंडपलटणी उभारल्या आणि त्यामुळे त्यांचे सैनिक अधिक चांगले लढू लागले, तेव्हा पूर्वजांप्रमाणे आपणही शत्रूकडून धडा घ्यावा, असे स्टालिन म्हणतो. जर्मन सैन्यात अशा तुकड्या होत्या ही गोष्ट खरी. ‘५००’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षा-पलटणींची उभारणी १९४१ पासूनच सुरू झाली होती. परंतु लाल सैन्याला यासाठी शत्रूच्या उदाहरणाची गरज नव्हती. यादवी युद्धाच्या काळात, १९१९ मध्ये, लाल सैन्यात दंडकंपन्या होत्याच. त्या ट्रॉट्स्की युद्धखात्याचा प्रमुख असतानाच्या होत्या, आणि १९४२ मध्ये त्याचे नाव घेणे शक्य नव्हते. स्वतःच्या क्रांतीतील पूर्वोदाहरणापेक्षा हिटलरच्या सैन्याचे उदाहरण देणे अधिक सोयीचे व्हावे, यातील विपर्यास वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.

तसे पाहिले तर दंडित सैनिकांच्या वेगळ्या तुकड्या ही आधुनिक युरोपीय सैन्यव्यवस्थेची जुनीच सवय आहे. फ्रान्सने १८३२ मध्ये अल्जीरियासाठी ‘आफ्रिकेच्या हलक्या पायदळ पलटणी’ उभारल्या, आणि पुढे १८८९ च्या भरतीकायद्यान्वये दिवाणी न्यायालयांतून विशिष्ट गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेले तरुण थेट त्यांत धाडले जाऊ लागले. तेथे मुख्य हेतू दुहेरी होता : कलंकित माणसांना इतर सैन्यापासून दूर ठेवणे आणि वसाहतीतील कष्टाची कामे त्यांच्याकडून करून घेणे. सोव्हिएत दंडपलटण या परंपरेत बसत नाही. तिच्यात दंडिताला सैन्यापासून दूर ठेवावयाचे नव्हते, तर काही आठवड्यांत परत सैन्यातच आणावयाचे होते. हा फरक ध्यानात घेतल्यावाचून नियमावलीचा अर्थ लागत नाही.

ही नियमावली २६ सप्टेंबर १९४२ रोजी संरक्षणखात्याचा उपलोकआयुक्त झुकोव्ह याच्या मान्यतेने निश्चित झाली आणि दोन दिवसांनी सैन्यात जारी करण्यात आली. तिच्यात पलटण व कंपनी यांचा भेद काटेकोरपणे केलेला आहे. दंडपलटण ही केवळ अधिकारी व राजकीय कार्यकर्ते यांच्यासाठी. साधे शिपाई व सार्जंट यांच्यासाठी दंडकंपनी. दोहोंतही मनुष्यबळाचे दोन वर्ग. पहिला ‘कायम’ वर्ग : सेनानायक, कमिसार, कंपन्या व प्लॅटून यांचे प्रमुख. हे दंडित नव्हते. युद्धात कसाला उतरलेल्या अधिकाऱ्यांमधून त्यांची निवड व्हावयाची होती, आणि या नेमणुकीतील प्रत्येक महिना निवृत्तिवेतनासाठी सहा महिन्यांचा धरला जाई. दुसरा ‘बदलता’ वर्ग, म्हणजे दंडित. या सौम्य शब्दाचा अर्थ एवढाच, की ही माणसे येत आणि जात. कोठे जात, हे त्या शब्दात सांगितलेले नाही.

दंडिताची पाठवणी कशी करावयाची हेही नियमांत आहे. त्याला त्याच्या स्वतःच्या तुकडीपुढे उभे करावे, हुकूम वाचावा, अपराधाचे स्वरूप समजावून सांगावे. मेजर असो वा कॅप्टन, तो साधा शिपाई होई. त्याची पदके काढून घेऊन फ्रंटच्या नोकरवर्ग-विभागात ठेव म्हणून जमा केली जात, आणि त्याला निराळ्या नमुन्याचे सैनिकपुस्तक मिळे. त्याचे वेतन महिना ८ रूबल ५० कोपेक ठरले. याहून अधिक बोचणारी तरतूद त्याच्या घरासाठी होती. अधिकाऱ्याच्या पगारातून कुटुंबाला परस्पर मिळणारी रक्कम बंद होई आणि ते कुटुंब साध्या शिपायाच्या कुटुंबाला मिळणाऱ्या भत्त्यावर जाई. हजार मैलांवरच्या गावी बायकोला नवऱ्याच्या अपराधाची वार्ता पत्राने कळण्याआधी बहुधा अशा रीतीने पैशाच्या रूपाने कळत असावी.

मुदत एक महिन्याहून कमी नाही व तीन महिन्यांहून अधिक नाही. न्यायाधिकरणाने तुरुंगवासाची शिक्षा दिली असेल, तर तिची अंमलबजावणी युद्ध संपेपर्यंत तहकूब ठेवून माणसाला दंडतुकडीत धाडता येई, आणि यासाठी ऑक्टोबर १९४२ मध्ये एक प्रमाणही ठरवून देण्यात आले. दहा वर्षांच्या तुरुंगवासाबद्दल तीन महिने, पाच ते आठ वर्षांबद्दल दोन महिने, पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेबद्दल एक महिना. दहा वर्षे आणि तीन महिने यांचे हे समीकरण मांडणाऱ्याला आघाडीवरील एका महिन्याची किंमत नेमकी ठाऊक होती, असेच म्हणावे लागते.

सुटकेचे मार्ग तीन. मुदत पुरी होणे हा पहिला. शौर्याबद्दल मुदतीपूर्वी सुटका हा दुसरा. असाधारण पराक्रम असल्यास त्यावर पदकाचीही शिफारस व्हावयाची. तिसरा मार्ग जखमेचा. लढाईत जखमी झालेल्या दंडिताने आपली शिक्षा भोगली असे मानावे, त्याचा हुद्दा व सर्व हक्क त्याला परत द्यावेत, आणि बरा झाल्यावर त्याची रवानगी नेहमीच्या सेवेत करावी, असे कलम सांगते. अपराध कोणता, मुदत किती उरली, जखम केवढी, या प्रश्नांना येथे जागा नाही. गोळी लागली की खटला संपला.

या तुकड्यांत कोण आले? हुकूम क्र. २२७ चा रोख भित्रेपणा आणि हुकुमावाचून माघार यांवर होता, पण युद्ध पुढे सरकू लागल्यावर अपराधांची यादी पसरत गेली. रजेवाचून गैरहजेरी, स्वतःहून करून घेतलेली इजा, हत्यार वा गुप्त कागद हरवणे, दारूच्या नशेतील भांडण, कोठारातील अफरातफर, अधिकाराचा दुरुपयोग, सारे काही तीत येते. शिवाय न्यायाधिकरणाची पायरी सर्वांनाच चढावी लागे असे नाही. डिव्हिजनचा सेनानायक आपल्या हुकुमाने अधिकाऱ्याला दंडपलटणीत व रेजिमेंटचा सेनानायक शिपायाला दंडकंपनीत धाडू शके. मात्र बटालियन व रेजिमेंट यांच्या प्रमुखांना फ्रंटच्या न्यायाधिकरणाच्या निकालावाचून पाठवता येत नसे. ज्याचा हुद्दा मोठा त्यालाच न्यायालयाचे संरक्षण, अशी ही मांडणी होती.

रोधक तुकड्यांचा येथे उल्लेख करणे अवश्य आहे, कारण लोकसमजुतीत दंडपलटण आणि तिच्या पाठीशी रोखलेल्या मशीनगना हे चित्र अविभाज्य झाले आहे. हुकूम क्र. २२७ अन्वये या तुकड्या डळमळीत डिव्हिजनांच्या मागे ठेवावयाच्या होत्या. दंडतुकड्यांसाठी त्या खास निर्मिलेल्या नव्हत्या. १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर १९४२ या काळात त्यांनी १,४०,७५५ सैनिकांना अडविले, असे गृहखात्याच्या तत्कालीन अहवालात नमूद आहे. त्यांपैकी १,१८९ जणांना गोळ्या घालण्यात आल्या, २,७७६ जण दंडकंपन्यांत व १८५ जण दंडपलटणींत गेले, आणि १,३१,०९४ जणांना आपापल्या किंवा तात्पुरत्या तुकड्यांत परत धाडण्यात आले. गोळ्या घातलेल्यांची संख्या लहान म्हणता येणार नाही. तथापि अडविलेल्यांपैकी दर दहांत नऊंहून अधिक जण परत फळीत उभे राहिले, हे त्या काळच्या सैन्याची गरज कशाची होती ते दाखवते. रोधक तुकड्या ऑक्टोबर १९४४ च्या हुकुमाने विसर्जित झाल्या. दंडतुकड्या मात्र युद्ध संपेपर्यंत राहिल्या.

पुढील हुकुमांनी काही दारे बंद केली. सप्टेंबर १९४३ मध्ये स्त्री-सैनिकांना दंडतुकडीत धाडण्यास मनाई झाली. जानेवारी १९४४ च्या संयुक्त हुकुमाने प्रतिक्रांतिकारक कृत्ये, दरोडा, सराईत चोरी व वारंवार पलायन यांबद्दल शिक्षा झालेल्यांना वगळले. राजकीय कैद्याला मातृभूमीसाठी मरण्याचाही अधिकार नाही, असा या वगळण्याचा अर्थ होतो. त्याला अपवाद घडले. व्लादिमिर कार्पोव्ह हा ताश्कंदच्या पायदळ-शाळेतील विद्यार्थी १९४१ मध्ये सोव्हिएतविरोधी बोलण्याच्या आरोपावरून छावणीत गेला, अर्जविनंत्या करून १९४२ च्या अखेरीस दंडकंपनीत आला, १९४३ च्या प्रारंभी आरोपमुक्त झाला, टेहळणी पथकाचा नायक बनला आणि १९४४ मध्ये ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च मान त्याला मिळाला. तोच पुढे १९८६ मध्ये सोव्हिएत लेखक संघाचा प्रमुख सचिव झाला. अशी चरित्रे थोडी, आणि त्यांच्या तेजाने बाकीच्यांचा अंधार झाकला जाऊ नये.

शत्रूच्या वेढ्यातून वा कैदेतून परतलेल्या अधिकाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड होता. त्यांनी अपराध केला असे सिद्ध झालेले नसे. शत्रूच्या प्रदेशात काही काळ काढला एवढेच त्यांच्याविरुद्ध असे. १ ऑगस्ट १९४३ च्या हुकुमाने अशांसाठी प्रत्येकी ९२७ माणसांच्या वेगळ्या ‘हल्ला-पलटणी’ निघाल्या. मुदत दोन महिने, अथवा पदक मिळेपर्यंत, अथवा पहिली जखम होईपर्यंत. नाव दंडाचे नव्हते. अट मात्र तीच रक्ताची होती. संशय आणि अपराध यांतील अंतर येथे पार पुसले गेलेले दिसते.

आता संख्यांकडे वळावे. जनरल क्रिवोशेयेव्ह याच्या संपादकत्वाखाली १९९३ मध्ये व पुढे विस्ताराने २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोव्हिएत हानिगणनेनुसार दंडतुकड्यांत १९४२ मध्ये २४,९९३, १९४३ मध्ये १,७७,६९४, १९४४ मध्ये १,४३,४५७ आणि १९४५ मध्ये ८१,७६६, असे एकूण ४,२७,९१० सैनिक धाडले गेले. युद्धकाळात सोव्हिएत सैन्याने वापरलेल्या ३,४४,७६,७०० मनुष्यबळाशी तुलना करता हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास पडते. दंडपलटणींनी युद्ध जिंकले हे विधान यावरून टिकत नाही. स्टालिनग्राडच्या वर्षात ही संख्या सर्वांत लहान आहे आणि विजयाकडे वाटचाल सुरू झाल्यानंतर ती वाढली आहे, हेही पाहण्याजोगे आहे. संकटकाळचा उपाय म्हणून जन्मलेली संस्था संकट ओसरल्यावर कारभाराचा भाग बनली.

एक शंका मात्र नोंदवली पाहिजे. त्याच गणनेत लष्करी न्यायाधिकरणांनी दोषी ठरविलेल्यांची संख्या ९,९४,३०० दिली असून त्यांपैकी ४,२२,७०० जणांची शिक्षा तहकूब करून त्यांना दंडतुकड्यांत धाडल्याचे म्हटले आहे. हे दोन आकडे खरे मानले तर न्यायाधिकरणावाचून, केवळ सेनानायकाच्या हुकुमाने गेलेल्यांसाठी सुमारे पाच हजारच जागा उरतात. नियमावलीने सेनानायकांना दिलेला सढळ अधिकार पाहता हे पटण्यासारखे नाही. बहुधा ही बेरीज दोन भिन्न दप्तरांतून, भिन्न व्याख्यांनी झालेली असावी. म्हणून एकूण आकडा शेवटच्या एककापर्यंत छापलेला असला तरी तो तितका नेमका समजू नये.

१९४४ चे आकडे अधिक बोलके आहेत. त्या वर्षी सरासरीने दरमहा ११ दंडपलटणी (प्रत्येकी २२६ माणसे) व २४३ दंडकंपन्या (प्रत्येकी १०२ माणसे) अस्तित्वात होत्या. म्हणजे नियमातील ८०० व १५०–२०० या संख्या कागदावरच राहिल्या होत्या. सरासरी संख्याबळ २७,३२६ आणि मृत, जखमी व आजारी मिळून मासिक हानी १४,१९१, म्हणजे ५२ टक्के. त्याच चढायांतील सामान्य तुकड्यांच्या तुलनेत ही हानी तीन ते सहा पट होती. या प्रमाणाचा अर्थ असा, की तीन महिन्यांची पूर्ण मुदत धडधाकट अवस्थेत संपविण्याची शक्यता ढोबळ हिशेबाने नवांत एक इतकी भरते. अर्थात तुकड्या सतत लढत नसत आणि सरासरी ही नेहमीच फसवी असते. तरीही मुदतीचे कलम हे बहुतेकांच्या बाबतीत नावापुरतेच होते आणि खरी मुदत शत्रूची गोळी ठरवीत होती, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

मग जो धैर्याने लढला पण ज्याला ओरखडाही आला नाही, त्याचे काय? नियमाप्रमाणे त्याची सुटका शौर्याच्या शिफारशीवर, म्हणजे वरिष्ठाच्या मनावर अवलंबून होती. पहिल्या बेलोरशियन फ्रंटच्या आठव्या दंडपलटणीत प्लॅटूनचा व पुढे कंपनीचा नायक असलेल्या अलेक्सांद्र पिल्त्सिन याच्या आठवणींत या बाबीचे दोन विरोधी दाखले आढळतात. फेब्रुवारी १९४४ मध्ये नीपर नदीवरील रोगाचेव्हच्या मोहिमेत ही पलटण जनरल गोर्बातोव्ह याच्या तिसऱ्या आर्मीत होती. आठशेंहून अधिक माणसे रात्री जर्मन फळीमागे शिरली आणि काही दिवस तेथे धुमाकूळ घालून परतली. गोर्बातोव्हने दिलेला शब्द पाळला आणि जखम झालेली नसतानाही सुमारे सहाशे जणांना पूर्ववत हुद्दे मिळाले. पुढे हीच पलटण जनरल बातोव्हच्या ६५ व्या आर्मीत गेली. तेथे मृत्यू किंवा जखम यांवाचून सुटका नाही असा दंडक होता, अशी पिल्त्सिनची तक्रार आहे. गोर्बातोव्ह हा स्वतः १९३८ ते १९४१ या काळात अटक, छळ आणि कोलिमाची छावणी भोगून आलेला होता, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. आठवणी उत्तरायुष्यात लिहिलेल्या आहेत आणि त्यांत आवडनावड आहे, हे मान्य करूनही मुद्दा शिल्लक राहतो. नियम एक, पलटण एक, आर्मी बदलली आणि शेकडो माणसांच्या नशिबाचा फेरा फिरला.

या सगळ्याविषयी दीर्घकाळ मौन राहिले. मुंबईच्या कामगारवस्तीत अण्णा भाऊ साठे यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा १९४३ च्या सुमारास घुमत होता, त्या वेळी हुकूम क्र. २२७ चा मजकूर रशियातील वृत्तपत्रांतही आलेला नव्हता. तो प्रत्येक कंपनीत मोठ्याने वाचून दाखवावा, पण छापू नये, अशी आज्ञा होती. लाखो सैनिकांनी कानांनी ऐकलेला हा दस्तऐवज सोव्हिएत वाचकांच्या डोळ्यांसमोर १९८८ मध्ये आला. मधल्या काळात व्हिसोत्स्कीने १९६४ मध्ये दंडपलटणींवर गीत रचले आणि ते ध्वनिफितींवरून हातोहात पसरले. इतिहासकारांची जागा गायकाने घेतली. मौन सुटल्यावर अतिशयोक्तीची पाळी आली. २००४ मध्ये रशियन दूरचित्रवाणीवर दाखविल्या गेलेल्या ‘श्त्राफबात’ या मालिकेत अधिकारी, चोर, राजकीय कैदी आणि एक धर्मगुरू असे सारे एकाच पलटणीत, तेही दंडितच असलेल्या नायकाच्या हाताखाली लढताना दिसतात. पलटण अधिकाऱ्यांची व कंपनी शिपायांची, आणि नायक नेहमीच कायम वर्गातला, हा नियमावलीतील प्राथमिक भेदही तेथे राखलेला नाही. पिल्त्सिनसारख्या वृद्धांनी वयाच्या ऐंशीनंतर लेखणी उचलून याचा प्रतिवाद केला. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, परंतु त्या रागापोटी त्यांनी दंडपलटणीचे जे चित्र उभे केले तेही थोडे अधिक उजळच आहे; कायम वर्गातील अधिकाऱ्याने पाहिलेली ती पलटण आहे. दंडकंपनीतील साध्या शिपायाने लिहिलेले फारच थोडे मागे राहिले.

त्या शिपायाचा माग बहुधा दप्तरातच काढावा लागतो, आणि तेथे नियमावलीचे आणखी एक कलम साहाय्याला येते. लढाईत पडलेल्या दंडिताच्या कुटुंबाला इतर सैनिकांच्या कुटुंबांप्रमाणेच निवृत्तिवेतन द्यावे, असे ते सांगते. दंडपलटणीतील अधिकाऱ्याच्या बाबतीत त्याची आकारणी ८ रूबल ५० कोपेकांवर करावयाची नव्हती. दंड होण्यापूर्वी तो ज्या पदावर होता, त्या पदाच्या वेतनावर करावयाची होती. म्हणजे जिवंत असेतो ज्याची बायको शिपायाच्या भत्त्यावर होती, तो मेला त्या दिवसापासून तिला पुन्हा मेजरची विधवा म्हणून पैसे मिळू लागत.